कट्टू

शरद कागवाडकरच्या ज्या पत्राला मी उत्तर दिले नाही, ते गेल्या दसऱ्याला आले होते. आता पुन्हा दसरा आला. पत्र माझ्या कोनाड्यात कानडी कोशाखाली दाबून ठेवलेले आहे. ते इतक्या वेळा काढून वाचले की घडीवर कागद फाटत आला. दर वेळी वाचून झाले की कान तापतात, मी दौत उघडतो, चार ओळी लिहितो. त्यांतल्या दोन मला खोट्या वाटतात आणि दोन उद्धट. मग दौत बंद.

"वर्षभर त्या पत्राला ऊब देतोयस वासू," माझी थोरली बहीण अक्काताई म्हणते. "आता पिल्लं निघायला हवीत."

पत्र तसे साधे आहे. शरद माझा जुना विद्यार्थी, हल्ली बेळगावात ठळकवाडीच्या आमच्या वाचनालयाचा चिटणीस. त्याचे चुलते रावसाहेब कागवाडकर, निवृत्त मामलेदार, वाचनालयाचे कायमचे अध्यक्ष. त्यांची पंचाहत्तरी, म्हणून गौरवग्रंथ. त्यात मी 'रावसाहेब आणि गुलाबाची कमान' असा लेख लिहावा. 'कमानीवरचा तो वेल रावसाहेबांनी विलायतेहून मागवला व स्वहस्ते वाढवला, हे आपण जवळून पाहिले आहे. शिवाय कट-कट्टूची गंमत आपल्याइतकी खुलवून कोण सांगणार? मूळ ती आपलीच.'

मूळ ती आपलीच. हे वाक्य मला वर्षभर झोपू देत नव्हते.

कागदाच्या टंचाईने ग्रंथ लांबला, म्हणून मीही स्वस्थ होतो. पण परवा शरदचे कार्ड आले. 'लेख दिवाळीपर्यंत न मिळाल्यास मीच आपल्या नावाने दोन पाने लिहून घालतो. गंमत साऱ्या गावाला पाठ आहेच. आपल्याला त्रास नको. जाता जाता एक. ग्रंथासाठी रावसाहेबांचा फोटो कमानीखाली काढायचा आहे. वेल फार माजला आहे, तो तोडून कमान मोकळी करतो आहोत.'

कार्ड वाचून मी इतक्या जोरात उठलो की चष्मा पडला. आपल्या नावाने! तोडून! मी घरात येरझारा घालू लागलो. रागावलेल्या माणसाने मोठ्याने बोलावे, काही आपटावे. मला ते कधी जमले नाही. मी फक्त चालत राहिलो आणि अक्काताई निवडण्याचे तांदूळ पुढ्यात घेऊन माझ्याकडे बघत राहिली.

ही गंमत काय आहे ती सांगायला हवी. सांगताना माझ्याकडून काही कमीजास्त होईल अशी भीती आहे. मला नेहमीच असते.

वाचनालयाच्या फाटकावर एक लोखंडी कमान आहे आणि तिथून दारापर्यंत लाकडी मांडव. कुणी देणगीदाराने बांधून दिला, पण त्यावर चढायला वर्षानुवर्षे काही नव्हते. भरमा माळी म्हणून आला तेव्हा त्याने एका ओल्या पोत्यात गुंडाळून दोन काटेरी काड्या आणल्या. भरमा गोकाककडचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि शिव्या दोन्हींत. आधी तो कॅम्पात एका पादरीणबाईच्या बागेत कामाला होता.

"चोरून आणल्यास की काय?" मी विचारले. मी तिथला बिनपगारी ग्रंथपाल. असल्या गोष्टींची मला धास्ती वाटायची.

"बाईनं छाटून उकिरड्यावर टाकल्या हुत्या. उकिरड्याची चोरी असतीया व्हय, मास्तर?"

हे ते विलायतेहून मागवणे.

काड्या लागल्या. पांढऱ्या, बारीक, घोसाघोसाने फुलणाऱ्या गुलाबाचा तो वेल. पावसाळ्यात त्याचे फोक असे सुटत की फाटकातून आत येणाऱ्याच्या तोंडावर यावेत. भरमा त्याला 'झिपरी' म्हणायचा. मी पुस्तकात पाहून त्याला सांगितले, ऑगस्टमध्ये छाटणी करायची. त्याने माझ्या शब्दावर भर श्रावणात सगळे नवे फोक कापले, आणि त्या शिमग्याला वेलावर चार घोसही आले नाहीत.

"पुस्तकातला श्रावण कोंच्या गावचा?" भरमा म्हणाला. "आमचा न्हवं."

पुढची काही वर्षे आम्ही दोघे त्या झिपरीपुढे डोके खाजवत बसलो. तो म्हणे माती, मी म्हणे ऊन. दोघेही चुकत होतो. मग हळूहळू ध्यानात आले की या जातीला फूल येते ते गेल्या पावसाळ्यात वाढलेल्या फोकाला. कुंड्यांतल्या गुलाबासारखी दसऱ्याला हिची छाटणी केली, की येणारा सगळा बहर हातात कापून येतो. फुले ओसरली, की जो फोक फुलून गेला तो चैत्रात बुडातून काढायचा. पावसात नव्यांना सोडून द्यायचे. आणि दसऱ्याला त्यांना कमानीवर आडवे वळवून बांधायचे. उभा ठेवलेला फोक शेंड्यालाच फुलतो. आडवा वाकवला तर त्याचा डोळा न् डोळा फुटतो. बांधायला सुतळी नको, ती साल कापते. केळीच्या सोपटाचे पट्टे भिजवून घ्यायचे.

"झिपरीची वेणी घालायची, मास्तर," भरमा शिडीवरून ओरडायचा. "केस कापायचे न्हाईत!"

पुस्तकाबाहेरचे असे एवढेच काही मला आयुष्यात आले, आणि तेही निम्मे.

त्या साली, म्हणजे आता दहा-अकरा वर्षे झाली असतील, पाऊस फार झाला. दोन्ही बाजूंच्या झिपऱ्या इतक्या वाढल्या की त्या दसऱ्याला त्यांचे शेंडे कमानीच्या माथ्यावर पहिल्यांदा भेटणार होते. भरमा रोज मान वर करून बघायचा. बांधणीला चार दिवस असताना रावसाहेब फाटकातून आत आले आणि एका लोंबत्या फोकाने त्यांचा रुमाल डोक्यावरून उचलून घेतला. जरीकाठी रुमाल काट्यांत अडकून हलत राहिला आणि खाली रावसाहेबांचे गुळगुळीत टक्कल. पायरीवर बसून पेपर वाचणारे चारपाच जण हसले. मीही, देवाशपथ, हसलो असेन. तोंडावर पुस्तक धरून.

रावसाहेबांना राग आला की ते इंग्रजीत शिरत.

"कट!" ते काठी कमानीकडे रोखून ओरडले. "कट! ऑल ऑफ इट! कट!"

भरमाने रुमाल सोडवून, झटकून त्यांच्या हातात दिला. "जी," म्हणाला.

रावसाहेब कामासाठी धारवाडला गेले. परत आले तेव्हा कमानीवर आणि मांडवावर एकही फोक लोंबत नव्हता. भरमाने एकूण एक बांधला होता, आडवा, नीट, एकमेकांत गुंतवून. माथ्यावर दोन्ही शेंडे भेटले होते आणि तिथे त्याने सोपटाची गाठ मारून वर झेंडूचे फूल खोवले होते.

"मी काय सांगितलं होतं?" रावसाहेबांनी विचारले.

"कट्टू म्हणालासा. कट्टलो."

कानडीत कट्टू म्हणजे बांध. आमच्या भागात हे शेंबडे पोरही जाणते. भरमाचा चेहरा देवळातल्या नंदीसारखा होता. रावसाहेबांचा चेहरा मी वर्णन करत नाही.

त्याच दुपारी त्यांनी कागदावर लिहिले, 'माळी भरमा याने ऐकले नाही, सबब कामावरून दूर केले.' आणि बाहेरून कोयतेवाले बोलावून वेल गुडघ्याएवढा ठेवून तोडायला लावला. फोक एकमेकांत इतके विणलेले होते की तोडल्यावरही ते खाली येईनात. माणसांनी लोंबकळून ओढले. कमान गदगदा हलत होती. मी आत खिडकीपाशी एक जुने मासिक उघडे धरून उभा होतो आणि माझे दात एकमेकांवर घासत होते, याचा आवाज मला ऐकू येत होता.

संध्याकाळी अक्काताई पोथी बदलायला आली. ती नऊ वर्षांची असताना विधवा झाली. पुढे वयात आली तेव्हा न्हाव्याला परसात बोलावून तिचे केस काढले. वेणी गुडघ्यापर्यंत यायची असे आई एकदाच म्हणाली होती आणि मग रडली होती. अक्काताई फाटकात थांबली. तिने ती नागडी कमान पाहिली, खाली पडलेला ढीग पाहिला, त्या खुंटांकडे बराच वेळ पाहिले. मग पदर कपाळावर पुढे ओढला.

"हे मला ओळखीचं दिसतंय," ती म्हणाली, आणि पोथी न बदलता घरी गेली.

ते वाक्य ऐकून मी ठरवले की बोलायचे.

समितीची बैठक झाली तेव्हा मी कानडी कोश बगलेत मारून गेलो. उभा राहिलो. माझा आवाज मला कुठल्यातरी दुसऱ्या माणसाचा वाटत होता. मी म्हणालो, इथे अवज्ञा झालेली नाही, इथे भाषेचा घोटाळा झाला आहे. साहेब इंग्रजीत 'कट' म्हणाले, माळ्याच्या कानाला ते कानडी 'कट्टू' लागले. इंग्रजीत तोड, कानडीत बांध. बिचारा अडाणी माणूस, त्याने हुकूम तंतोतंत पाळला. मी पान उघडून दाखवले.

मग रावसाहेब हसायला लागले. पोट धरून हसले. "वा! तोड म्हटलं तर बांधतो! वा रे गाढवा!" समितीही हसली. हसण्याच्या भरात त्यांनी ठराव केला की 'त्या बहिऱ्याला' परत कामावर घ्यावे. मी घरी जाताना जवळजवळ उड्या मारत होतो. आयुष्यात एकदा चारचौघांत तोंड उघडले होते आणि एका माणसाची भाकरी वाचवली होती.

पण भरमा आलाच नाही. बोलावणे धाडले तर निरोप्याला दारातून हाकलले. ठळकवाडीची पोरे त्याच्यामागे 'ए कट्टू, ए कट्टू' करत फिरत. महिन्याभरात तो लेकीकडे निपाणीला निघून गेला. मला न भेटता. मला त्याचा संताप आला. माझ्या एकुलत्या एक भाषणाची त्याने अशी माती करावी? मी वाचनालयात जाणे सोडले. आणि रावसाहेब दर हळदीकुंकवाला, दर पानसुपारीला ती गंमत सांगत राहिले, तोडलेल्या वेलाचा भाग गाळून.

खरे सांगायचे तर संतापाच्या खाली मला एक शंका होती. भरमाने पादरीणबाईकडे काम केले होते. त्याला 'कट' माहीत नव्हते?

शरदचे ते कार्ड आले, आणि या शंकेचा निकाल लावल्याशिवाय मला एक अक्षर लिहिता येईना. अक्काताई म्हणाली, "मग जाऊन विचार की. तो काय काशीला आहे?"

सकाळच्या मोटारीने निघालो. संकेश्वरला मोटार बराच वेळ थांबली. उसाच्या गाड्या रस्त्यात आडव्या होत्या. मी मनात प्रश्न घोळवत होतो, मोडत होतो, पुन्हा जुळवत होतो. निपाणीला उतरताच तंबाखूच्या खकाण्याने शिंका सुरू झाल्या. भरमाची लेक मालुबाई एका वखारीत तंबाखू निवडायला जाते. तिचे घर विचारत विचारत सापडले. भरमा दारात घोंगड्यावर बसला होता. म्हातारा झाला होता, पण मान तशीच ताठ.

"मास्तर?" तो म्हणाला. "आजून जिते हायसा? मला वाटलं पुस्तकाखाली दबून मेलासा."

मालुबाईने गुळाचा चहा दिला. मी शिंकत शिंकत शरदचे पत्र आणि कार्ड दोन्ही वाचून दाखवले. भरमा जमिनीकडे बघत ऐकत होता.

"भरमा, एक विचारतो. रागावू नकोस. त्या दिवशी तुला 'कट' कळलं होतं का?"

त्याने तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली. मग हसला. ते हसणे मला आवडले नाही.

"पादरीणबाईच्यात मी काय शेण काढत हुतो? कट, टाय, डिग, वाटर. येवढं आल्याबिगर बाई कुणाला बागंत उभं करत न्हवती."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"मुद्दाम. त्या साली दोन्ही शेंडं भेटनार हुते. कापतोय कोन? तोंडावर न्हाय म्हटलं असतं तर तवाच हाकलला असता आनि बांधायचं ऱ्हायलं असतं. मालकाच्या तोंडातनं 'कट' निघालं, माझ्या कानात 'कट्टू' गेलं. कान माझा हाय."

"मग मला का नाही सांगितलंस? मी सगळ्यांसमोर कोश घेऊन..."

"तुम्ही मला इचारलासा?" तो एकदम पुढे झुकला. "कोशात बघितलासा. कोशाला इचारलासा. मी हाकेवर ऱ्हात हुतो, मला न्हाय इचारलासा!"

माझा आवाज चढला. तो कसा चढतो हे मला ठाऊकच नव्हते. "समितीनं तुला परत घेतलं होतं! माझ्या शब्दावर! आणि तू निरोप्याला हाकललंस!"

"कोन म्हनून घेतलं हुतं? सांगा की. कोन म्हनून?"

मी शिंकलो.

"बहिरं म्हनून. येडं म्हनून. बिचारा अडानी!" त्याने माझा आवाज काढला, अगदी माझा. "मालकानं कागदावर ल्हिवलं, भरम्यानं ऐकलं न्हाय. बरोबर ल्हिवलं हुतं! मी ऐकलंच न्हाय. ऐकून ऐकलं न्हाय! त्या आख्ख्या वाचनालयात माझ्याबद्दल येवढं एकच खरं ल्हिवलेलं हुतं, मास्तर, आनि ते बी वैऱ्यानं. तुम्ही गेलासा आनि तेवढं खोडून आलासा."

"आप्पा, हळू," मालुबाई आतून म्हणाली. "शेजारी ऐकाय लागल्यात."

"ऐकू देत. हितं तरी कोन ऐकतंय ते बघू! तुज्या पोराच्या बारशाला व्याह्यानं मला काय इचारलं? 'बेळगावचं ते कट्टू तुम्हीच काय?' जेवत्या ताटावर इचारलं."

मी चहाचा पेला खाली ठेवला. मला त्याचा राग आला होता. एवढा अभिमान होता तर समितीपुढे येऊन का नाही बोलला? माझ्याच तोंडावर ही सारी राख का? हे मी त्याला म्हणालोही, निम्मे शब्द शिंकेत गेले. तो म्हणाला, "समितीपुढं माळ्याला बोलाय कोन बोलवतंय?" मला उत्तरे मोटारीत सुचतात, परतीच्या.

निघताना त्याने विचारले, "झिपरी हाय का?"

"आहे. खुंटातून फुटली. कुणी बांधत नाही. आता फोटोसाठी पुन्हा तोडणार आहेत."

त्याने घोंगड्याची एक दशी ओढून बोटाला गुंडाळली. "तुमास्नी वेणी येतीया न्हवं?"

"निम्मी."

"मग ल्हिवायचं ते ल्हिवा. माझ्यावर दया करू नकासा, येवढं बघा."

परतीच्या वाटेवर संकेश्वरपर्यंत मी भरमावर रागावलेला होतो. पुढे रावसाहेबांवर. बेळगावचे दिवे दिसू लागले तेव्हा त्या कोशावर, जो मी इतक्या प्रेमाने बगलेत मारून नेला होता. घरी आलो आणि अक्काताईला सगळे सांगितले.

"उद्या फाटकावर जायचं," ती एवढेच म्हणाली. "मीही येते."

सकाळी आम्ही गेलो. मी इतक्या वर्षांनी. झिपरीचे जाळे झाले होते. जुने वठलेले फोक, त्यांवर नवे, त्यांवर आणखी नवे, मांडवावरून उतरून वाचनालयाच्या खिडकीत शिरलेले. मी शेजारच्याची शिडी आणि बागकात्री आणली होती. अक्काताईने परसातल्या केळीचे सोपट भिजवून बादलीत घेतले होते. मेलेले लाकूड आधी बुडातून काढायचे. ते ओळखू येते, करडे, आणि वाकवले की मोडते. ते तुकड्या-तुकड्याने ओढून काढले. धोतर फाटले, मनगटे रक्ताने भरली. मला ते बरे वाटत होते. राग असा हाताला लागलेला मी कधी पाहिला नव्हता. मग हिरवे फोक एकेक सोडवून, शेंडा न मोडता, आडवे वळवून कमानीच्या गजावर धरायचे आणि बांधायचे. इथे माझे हात अडखळू लागले. कुठला वर, कुठला खाली?

"तो आधी त्याच्याखालून घे," अक्काताई खालून म्हणाली. "मग वरून. असं नाही रे! थांब, हो बाजूला."

"अक्का, शिडीवर नको."

"वेणी घालायला मला शिकवू नकोस, वासू. विसरले नाहीये."

आलवण खोचून ती दोन पायऱ्या चढली. मी शिडी धरली. पदर डोक्यावरून मागे सरकला होता. तिने तो पुढे ओढला नाही.

वाचनालयातून शरद बाहेर आला. पाठीमागे हातात कोयते घेतलेली दोन माणसे.

"मास्तर! अहो, हे काय? तुम्ही कशाला त्रास... वा, म्हणजे लेख पण तयार झाला म्हणायचा!" मग तो वर बघून थबकला. "पण हे बांधताय का? आम्हाला तोडायचंय. काका येतील आत्ता फोटोवाल्याला घेऊन. कमान दिसायला हवी."

"तोडायचं नाही," मी म्हणालो.

"काकांनी सांगितलंय."

"मी ऐकलं."

"मग?"

"मग काही नाही. ऐकलं."

शरद हसला. त्याला वाटले मी नवी गंमत करतो आहे. "म्हणजे पुन्हा कट-कट्टू? मास्तर, तुम्ही पण ना!"

मी बागकात्री त्याच्या पायाशी टाकली. फरशीवर ती अशी वाजली की आतले वाचणारे खिडकीत आले. "हसू नकोस!" मी ओरडलो. "शरद, यात हसण्यासारखं काही नाही. कधीच नव्हतं. या वेलाला कोयता लागला तर आधी माझ्या हाताला लागेल. जा, सांग तुझ्या काकांना. इंग्रजीत सांग!"

कोयतेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांतला एक म्हणाला, "म्हातारी शिडीवर हाय, साहेब. आमच्यानं न्हाय व्हायचं," आणि दोघे भिंतीच्या सावलीत जाऊन चुना मळू लागले. शरद सायकल काढून काकांच्या बंगल्याकडे गेला. येतील रावसाहेब. ओरडतील. वेल उद्या तोडतीलही. आम्ही बांधत राहिलो. माथ्यावर शेंडे भेटायला अजून हातभर कमी पडत होते.

अक्काताईने खाली उतरून बादलीतल्या पाण्याने हात धुतले. "ते पत्र उरलं आहे ना?" ती म्हणाली. "मी इथे बसते. बघू कोण तोडतं. तू जा, लिही."

वाचनालयातल्या टेबलावर, त्यांच्याच दौतीने लिहिले. या वेळी मी दोनदा लिहिले नाही.

'चि. शरद यास आशीर्वाद. गेल्या वर्षीच्या पत्राचे उत्तर. गौरवग्रंथासाठी मी लेख लिहिणार नाही आणि माझ्या नावाने दुसऱ्या कुणी लिहू नये. वेल भरमा माळ्याने कॅम्पातल्या उकिरड्यावरून आणला व वाढवला. रावसाहेबांनी तो तोडवला. कट-कट्टूची गंमत मी समितीपुढे सांगितली ती खोटी आहे. भरमाला कट म्हणजे काय ते रावसाहेबांइतके कळत होते. रावसाहेबांनी त्या वेळी एक वाक्य लिहिले होते, तेच खरे. ग्रंथात कमानीच्या फोटोखाली तेवढे छापावे: माळी भरमा याने ऐकले नाही. पुढचे सबब वगैरे नको. साक्षीदार म्हणून माझे नाव घालण्यास हरकत नाही.'

शरद अर्ध्या तासात इथेच येणार होता. पत्र त्याच्या टेबलावर ठेवले असते तरी चालले असते. पण टेबलावरचा कागद कुणीही फाडू शकतो आणि मग आलाच नव्हता म्हणू शकतो. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट चिकटवले. त्यावर मनगटाच्या रक्ताचा डाग पडला. बाहेर आलो. अक्काताई कमानीखाली फरशीवर मांडी घालून बसली होती. रस्त्यापलीकडच्या टपालपेटीत मी पत्र टाकले.

टाकल्यावर आठवले की कट्टूचा उकार मी दीर्घ काढला आहे. कानडीत तो ऱ्हस्व. मी बोटे पेटीत घालून पाहिली. पत्र खाली गेले होते.